जंगीच्या आतून

पेव्हन्सीच्या किल्ल्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा भिंतीतल्या आडव्या फटीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. "आत पोकळ आहे!" तो ओरडला. बाप दहा पावलं पुढे गेलेला. मागे वळून न बघताच तो म्हणाला, "रोमन आहे ते, हात काढ." पोरानं हात काढला, पँटला पुसला आणि बापामागे पळाला. प्रसंग एवढाच. पण तो 'रोमन' शब्द नंतर कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. कारण ती फट रोमन नाही, १९४० सालची आहे. बापाचा हिशेब सुमारे साडेसोळाशे वर्षांनी चुकला होता, आणि तरी मला त्याच्यावर हसावंसं वाटेना. ती फट ज्यांनी केली त्यांना नेमकं हेच हवं होतं. माणसानं भिंतीकडे बघावं, पडकी भिंत दिसावी आणि त्यानं पुढे जावं.

पेव्हन्सी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी इथे तट बांधला. १०६६ मध्ये नॉर्मन सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं आणि त्यांनी जुन्या तटाच्या कोपऱ्यात आपला किल्ला घातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश आरमाराच्या धास्तीनं इथे तोफा आल्या. आणि १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर, पडक्या भिंतींच्या आत मशीनगनची काँक्रीटची ठाणी बांधली गेली. इंग्रजीत अशा ठाण्याला पिलबॉक्स म्हणतात. ही धास्ती पोकळ नव्हती. जर्मनांच्या आक्रमणाच्या आराखड्यात बेक्सहिल ते ईस्टबोर्न हा पट्टा उतरण्यासाठी नेमलेला होता आणि पेव्हन्सी त्याच्या मधोमध येतं. आपल्याकडे गड पाहणाऱ्याला तटातल्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखायच्या फटी, ओळखायला शिकवावं लागत नाही. इथे मात्र नजर थोडी तयार करावी लागते. काँक्रीटच्या खोलीला बाहेरून किल्ल्याचेच दगड लावलेले, वरची कड मुद्दाम दातेरी ठेवलेली. फसत नाही ती फक्त एक गोष्ट. जुन्या भिंतीत एकही रेघ सरळ उरलेली नसते, आणि या फटीची वरची कड पाणसळ लावल्यासारखी सपाट आहे.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये किल्ला सरकारी बांधकाम खात्याकडे परत आला तेव्हा ही 'घाण' काढून टाकणं सोपं होतं. खात्यानं ती ठेवली. किल्ल्याच्या गोष्टीतलं हेही एक पान आहे, असं त्यांना वाटलं. त्या काळात हा निर्णय धाडसाचाच म्हणायचा, कारण बाकी देशभर अशा बांधकामांकडे लोक अडगळ म्हणूनच बघत होते.

अडगळ थोडीथोडकी नव्हती.

ब्रिटनभर मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास पिलबॉक्स आणि तशी पक्की ठाणी उभी राहिली, आणि त्यातली साडेसहा हजारांच्या आसपास अजून आहेत, असा अंदाज सांगितला जातो. यातली बहुतेक १९४० च्या त्या एका उन्हाळ्यातली. २७ मे रोजी जनरल आयर्नसाइड मायदेशातल्या सैन्याचे प्रमुख झाले. डंकर्कहून माणसं परत येत होती, पण तोफा, रणगाडे, गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या होत्या. हलू शकेल असं सैन्य नाही, तेव्हा न हलणारं काहीतरी उभं करायचं, हा त्यांचा हिशेब. किनाऱ्यावर एक पातळ कवच, आणि आत नद्या, कालवे, रेल्वेचे भराव यांना धरून एकामागून एक अडवणुकीच्या रेषा. इंग्रजीत त्यांना स्टॉप लाइन म्हणतात. त्यातली टॉन्टन स्टॉप लाइन दक्षिणेला सीटनजवळ ॲक्स नदीच्या मुखापासून निघून उत्तरेला ब्रिस्टल खाडीकडे जाते. लांबी सुमारे पन्नास मैल, म्हणजे इंग्लंडची नैर्ऋत्येची शेपूट कापून वेगळी करावी तशी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आयर्नसाइड गेले आणि ॲलन ब्रुक आले. ब्रुकना या रेषांवर विश्वास नव्हता. त्यांना हलतं सैन्य राखीव हवं होतं, आणि मग काँक्रीटचा ओघ हळूहळू आटला. म्हणजे ज्या आराखड्याचे ठोकळे आज शेताशेतात दिसतात, त्याच्या कर्त्याला पुरते दोन महिनेही मिळाले नाहीत.

वॉर ऑफिसच्या एका शाखेनं घाईनं नमुने काढले, त्यांना आकडे दिले आणि नकाशे जिल्ह्याजिल्ह्यात पाठवले. टाइप २२ म्हणजे सारख्या बाजूंचा षटकोन, बाजू साधारण सहा फुटांची. टाइप २३ मध्ये दोन चौकोन शेजारी, त्यातल्या एकाला छप्पर नाही, कारण तिथून विमानावर मशीनगन रोखायची. सगळ्यात जास्त दिसतो टाइप २४. षटकोनच, पण एक बाजू ओढून लांब केलेली. टाइप २५ गोल आणि बुटका, पन्हाळी पत्र्याच्या साच्यात ओतलेला. टाइप २८ सगळ्यात मोठा, आत रणगाडाविरोधी तोफ ढकलत नेता येईल एवढा. भिंतीची जाडी दोन प्रकारची. नुसत्या गोळ्या अडवायच्या तर बारा ते पंधरा इंच, तोफगोळा सोसायचा तर साडेतीन फूट. कागदावर सगळं नेटकं, पण काम घेतलं स्थानिक कंत्राटदारांनी. गावच्या मिस्त्रीनं गावचा दगड, गावची खडी आणि हाताशी असेल ते लाकूड वापरलं. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन पिलबॉक्स शेजारच्या दोन तालुक्यांत भाऊ वाटतात, जुळे कधी वाटत नाहीत.

पिलबॉक्स दिसला की पहिल्यांदा त्याचं दार शोधावं. शेतातल्या ठोकळ्याभोवती लोक फिरतात, फटीतून आत डोकावतात, आतला बिअरच्या डब्यांचा वास घेऊन नाक मुरडतात. पण तो ठोकळा बोलतो तो दारातून. टाइप २४ मधली लांब बाजू पाठीची. दार तिथेच आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक छोटी जंगी, कुणी मागून आलाच तर असावी म्हणून. दार शत्रूकडे ठेवायचं नाही एवढी अक्कल घाईतही शाबूत असते. तेव्हा दाराला पाठ लावून उभं राहायचं, की समोर येते ती दिशा, जिकडून १९४० मध्ये माणसं येतील असं कुणालातरी वाटलं होतं. दक्षिण इंग्लंडमधल्या केनेट-एव्हन कालव्याच्या काठानं चालताना हा खेळ सहज कळतो. कालवा हाच खंदक. ठोकळे त्याच्या एका काठावर, एकाच्या माऱ्याचा पंखा शेजारच्याच्या पंख्यावर पडेल अशा बेतानं ठेवलेले. एकटा पिलबॉक्स म्हणजे वाक्यातून सुटा काढलेला शब्द. दुसरा सापडला की क्रियापद सापडतं.

किनाऱ्यावर हा नियम थोडा फसवा आहे. समुद्रकाठचा पिलबॉक्स समुद्राकडेच बघणार असं आपण धरून चालतो. पण ज्यानं जागा विचारपूर्वक निवडली त्यानं बऱ्याचदा समुद्राकडची भिंत बिनफटीची, जाड ठेवली आणि जंग्या काढल्या त्या बाजूला, वाळूच्या लांबीत. जहाजावरच्या तोफेला ठोकळ्याचा नुसता खांदा दिसावा, आणि वाळूवर उतरलेल्या रांगेला आडवी गोळी लागावी. असा आंधळा वाटणारा पिलबॉक्स सगळ्यात हुशार असतो.

आता जंगीच. आपल्या गडांवरची जंगी बाहेरून अरुंद आणि आत रुंद, म्हणजे आतल्या माणसाला बंदूक फिरवायला जागा आणि बाहेरच्याला नेम धरायला जागा नाही. पिलबॉक्सची भिंत तुलनेनं पातळ आणि बंदूक मशीनगन, त्यामुळे पुष्कळदा फट बाहेरच्या अंगानं पसरते. पण पसरट फट म्हणजे गोळीला नरसाळं. तिरकी आदळलेली गोळी घसरत थेट आत. म्हणून तिच्या बाजूंना पायऱ्या काढल्या. गोळी पायरीच्या उभ्या अंगावर आपटते आणि तिथेच थांबते. फटीच्या आतल्या बाजूला बंदूक टेकवायला कट्टा. आणि खोलीच्या मधोमध, पाहणाऱ्याला अडगळ वाटणारी, वाय किंवा टी अक्षराच्या आकाराची काँक्रीटची भिंत. ती छताला आधार देते खरी, पण तिचं मुख्य काम वेगळं. एका जंगीतून शिरलेली गोळी भिंतीभिंतींवर टणटणत खोलीभर फिरेल, तिला एका कप्प्यात कोंडायचं. त्या भिंतीमुळे आतल्या पाच-सहा जणांना एकमेकांचे चेहरे दिसत नसणार. बंद काँक्रीटमधला मशीनगनचा आवाज, धूर, आणि शेजारी कोण जिवंत आहे ते न दिसणं. ही खोली रिकामी असतानासुद्धा तिच्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबवत नाही, याचं कारण दर वेळी वासच असतो असं नाही.

काँक्रीट मात्र वाचण्यासारखं आहे, अगदी हात लावून. लाकडी फळ्यांचा साचा करून ओतलेलं असेल तर फळ्यांच्या शिरा, गाठी, दोन फळ्यांमधून बाहेर आलेल्या मालाची बारीक कड, सगळं भिंतीवर उमटलेलं असतं. लाकूड कधीच चुलीत गेलं, त्याचा छाप ऐंशी वर्षांनी तसाच. आडव्या रेघा दिसतात त्या थांबण्याच्या खुणा. एक थर ओतून झाला, माल संपला किंवा दिवस मावळला, आणि दुसरा थर पडेपर्यंत पहिला घट्ट होऊन गेला. दोन्हींची गाठ नीट बसली नाही. जिथे कुटून कुटून माल बसवला नाही तिथे खडी उघडी पडून मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं राहिली. फळ्यांचा तुटवडा पडला तिथे विटांचाच साचा बांधला, आत काँक्रीट ओतलं आणि विटा तशाच राहू दिल्या. असे पिलबॉक्स विटांचे वाटतात आणि विटेचा कोपरा ढासळला की आतून राखाडी पोट दिसतं. कुठे सुक्या मालानं भरलेल्या गोण्या रचून त्यावर पाणी मारलं. गोणपाट कुजून गेलं, विणीची नक्षी दगडावर राहिली.

बिघडतं कसं, ते मुंबईच्या समुद्राकाठच्या इमारतीत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. ताज्या काँक्रीटचा गुण असा की त्याच्या पोटातली सळई गंजत नाही, त्यातला अल्कधर्मी गुण तिला सांभाळतो. पण बाहेरची हवा वर्षावर्षाला आत शिरत हा गुण मारत जाते. सळईवर काँक्रीटचं दोन-तीन इंच कव्हर असेल तर हवेला पोचायला उशीर लागतो, घाईच्या कामात ते अर्ध्या इंचावर आलेलं असतं. त्यात किनाऱ्यावरच्या पुष्कळ ठोकळ्यांत वाळू आणि गोटे खालच्याच पुळणीवरचे. भिंत निरखून बघितली तर शिंपल्यांचे तुकडे चकाकतात. म्हणजे मीठ बाहेरून येण्याची वाटही पाहावी लागली नाही, ते पहिल्या दिवसापासून आत होतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो फुगतो, काँक्रीटला आतून तडकवतो, पापुद्रा सुटतो, सळई उघडी पडते आणि मग वेग वाढतो. छताची खालची बाजू आधी जाते. गंमत अशी की ज्यांत लोखंड जवळजवळ घातलंच नाही असे रणगाडे अडवण्याचे चौकोनी ठोकळे आज सगळ्यात धडधाकट आहेत. लोखंडात काटकसर झाली आणि ते वाचले.

वेषांतर तर कधीच गेलं. सॉमरसेटमध्ये पिलबॉक्स लपवण्याच्या कामावर ऑलिव्हर मेसेल हे नामांकित नेपथ्यकार होते. गवताच्या गंज्या, पडक्या वास्तू, रस्त्याकडेची उपाहारगृहं अशी सोंगं त्यांनी ठोकळ्यांना दिली. रंगमंचावरचा सेट जसा प्रयोग संपला की जातो तशी ती गेली. दोन-तीन पावसाळ्यांत रंग, कापड, फळ्या सगळं. आज जे नागडं काँक्रीट आपण बघतो ते बघण्यासाठी केलेलंच नव्हतं.

आणि तरी मला वाटतं, सगळ्यात जास्त हरवलंय ते काँक्रीट नाही. हरवलीय नजर. जंगीतून दिसणारा तुकडा, शंभर-दोनशे यार्डांचं मोकळं मैदान, पूल, रस्त्याचं वळण, यासाठीच ती खोली होती. आज कितीतरी जंग्यांसमोर दोन फुटांवर एल्डरचं झुडूप आहे. कुठे नव्या वसाहतीचं लाकडी कुंपण, कुठे गोदामाची मागची भिंत. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात शेकडो स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून अशा वीस हजारांच्या आसपास जागांची नोंद केली. फार मोठं काम. पण संरक्षण मिळतं ते बहुधा ठोकळ्याला. त्याच्या डोळ्यासमोरच्या शेतात दुमजली घर उठलं की ठोकळा शाबूत राहतो आणि त्याचा अर्थ जातो. मग तो खरंच अडगळ होतो.

समुद्रानं या नजरेचं काय केलं ते बघायचं तर दोन किनारे बघावेत.

यॉर्कशायरचा होल्डरनेसचा किनारा हिमनदीनं आणून टाकलेल्या मातीचा आहे. दगड नाही, गोटे मिसळलेली चिकणमाती. वर्षाला दीड-दोन मीटर सरासरीनं तो खचतो. लाटा कड्याचा पाय खातात, वर पावसानं माती जड होते आणि एका रात्रीत अर्धचंद्राकार तुकडा खाली बसतो. पिलबॉक्सला खोल पाया नसतो. खाली नुसता काँक्रीटचा तळ, ताटासारखा. ढोबळ हिशेबानं साध्या टाइप २२ चं वजन तीस-पस्तीस टन भरेल. जमीन सरकली की तो फुटत नाही, अख्खाच्या अख्खा कलंडत पुळणीवर येतो आणि जंग्या आभाळाकडे किंवा वाळूत रोखून पडून राहतो. याच किनाऱ्यावर किल्नसीला पहिल्या महायुद्धातल्या, १९१५ च्या गॉडविन बॅटरी या तोफांच्या ठाण्याची तीच गत. दोन अजस्र ९.२ इंची तोफांसाठी केलेलं काँक्रीट आता भरतीच्या पाण्यात अस्ताव्यस्त पडलंय. जवळच्या शेतात मात्र त्याच सुमाराचा काँक्रीटचा ध्वनी-आरसा अजून उभा आहे. एक उथळ वाटी, येणाऱ्या झेपलिनची, म्हणजे जर्मन हवाई जहाजांची, घरघर गोळा करायला. तो दिसण्यापेक्षा ऐकण्यावर विसंबला, आणि समुद्रापासून थोडा लांब होता म्हणून टिकला.

उलट स्कॉटलंडमध्ये फाइफच्या टेन्ट्समूरला जावं. १९४१ मध्ये पोलिश सैनिकांनी तिथे रणगाडे अडवायला काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग लावली. आपला देश गेलेली माणसं दुसऱ्याच्या किनाऱ्यावर ठोकळे ओतत होती. तेव्हा रांग भरतीच्या रेषेवर होती. तिथे समुद्र वाळू नेत नाही, आणून टाकतो. आज ती रांग आत, टेकड्या आणि पाइनच्या झाडांत उभी आहे. ठोकळ्यावर शेवाळ, समोर झाडं. समुद्राचा आवाज येतो, समुद्र दिसत नाही. किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही रांग सोन्यासारखी. कारण १९४१ मध्ये पाणी कुठपर्यंत येत होतं याची इतकी जड आणि न हलणारी खूण दुसरी कुठली मिळणार?

काही अवशेष असे की काय आहेत तेच कळत नाही. रस्त्याकडेच्या गवतात गुडघ्याएवढा, घुमटासारख्या डोक्याचा काँक्रीटचा खांब, आणि त्याच्या माथ्यावर एक पोलादी खुंटा. लोक त्याला मैलाचा दगड समजतात, कुणी नांगरताना फाळ मोडला म्हणून शिव्या देतात. ही होमगार्डच्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या संरक्षक दलाच्या, स्पिगॉट मॉर्टरची बैठक. वीस पौंडांचा बॉम्ब फेकणारं, वापरणाऱ्यालाच भीती वाटावी असं हत्यार. भोवती गोल खड्डा असायचा, त्याच्या भिंतीत दारूगोळ्याचे कोनाडे. खड्डा मातीनं भरून गेला, हत्यार गेलं. पण खुंटा स्टेनलेस स्टीलचा. बाजूच्या कुंपणाची तार दर काही वर्षांनी गंजून बदलावी लागते आणि हा मात्र कालच कुणी पुसून ठेवल्यासारखा लखलखतो.

हल्ली पुष्कळ पिलबॉक्सना नवे भाडेकरू मिळालेत. वटवाघळांना हिवाळ्यात झोपायला गोठणबिंदूच्या वर राहणारी, ओलसर, वारा नसलेली, काळोखी जागा लागते. जाड भिंतीचा पिलबॉक्स थोड्या कामानं तसा होतो. जंग्या विटांनी बुजवायच्या, वर हातभर लांबीची बारीक फट ठेवायची, दाराला आडव्या गजांची जाळी, आत लटकायला खडबडीत फळ्या आणि पोकळ विटा. एकदा वटवाघळं आली की त्यांना त्रास देणं कायद्यानं गुन्हा, त्यामुळे ठोकळाही आपोआप सुरक्षित. व्यवस्था उत्तम. तरी बुजवलेली जंगी पाहून पोटात थोडं तुटतंच. डोळे मिटून जगवलेला पहारेकरी. पण पाडून टाकण्यापेक्षा बरं, आणि आतल्या जीवांना बाहेर बघण्याची गरजही नाही.

पेव्हन्सीची गोष्ट मात्र वेगळी, तिथली नजर कधीच सरळ नव्हती. रोमनांनी तट बांधला तेव्हा ही जागा पाण्यात शिरलेला भूभाग होती. समुद्र आणि दलदल तटाला लागून. ते बघत होते गलबतांकडे. मधल्या शतकांत खाडी गाळानं भरली, लोकांनी चर खणून पाणी काढलं, कुरणं झाली. समुद्र मैलभर मागे गेला. १९४० चा मशीनगनवाला त्याच भिंतीत बसला तेव्हा त्याच्यासमोर गवत होतं, गुरं होती, चरांच्या रेघा होत्या, आणि पलीकडे पुळण, जिथून कुणीतरी चालत येणार होतं. ते गवत अजून आहे, गुरंही आहेत. इतक्या जंग्यांमध्ये ही एक अशी की तिला जे बघायला बसवलं ते बरंचसं अजून समोर आहे, आणि जिच्यासमोरून रोज माणसं तिला न ओळखता जातात.

त्या मुलानं हात घातला तेव्हा तळवा वर होता की खाली, ते आठवत नाही. वर असेल, तर फटीच्या छताखाली त्याच्या बोटांना फळीच्या शिरा लागल्या असणार.